डाव्या बगळ्याचा शोध

१

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि हत्यारांच्या फळीवर एक जागा रिकामी होती.

बाईंनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि पुन्हा पाहिलं. रिकामी म्हणजे रिकामीच. फळी पांढरीशुभ्र होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. हत्यार जागेवर असलं की काळं काही दिसत नाही, उचललं की त्याची सावली तेवढी मागे उरते. जो उचलेल त्याने त्या खिळ्यावर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. हत्यारं दोनशे अठरा, आणि नऊ वर्षांत त्यांतलं एकही हरवलं नव्हतं.

आज सगळ्यात वरच्या रांगेत एक लांब, वाकड्या मानेची सावली उघडी पडली होती. खिळ्यावर बिल्ला नव्हता.

बाईंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या या हँगरमध्ये हत्यारांची खोली सांभाळायला आल्या. शाळा सुटली, पण ‘बाई’ काही सुटलं नाही.

काल संध्याकाळी सहाला त्यांनी स्वतः मोजदाद केली होती. तेव्हा हा वाकड्या मानेचा पाना जागेवर होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं. हँगरच्या मधोमध ‘म्हातारी’ उभी होती. जुन्या युद्धातलं, एकाच आसनाचं लढाऊ विमान. दलदलीतून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढलेलं. तिचे सुटे भाग जगात कुठल्याही दुकानात मिळत नव्हते. एक एक पत्रा हाताने कापून, ठोकून, तिला नऊ वर्षांत पुन्हा उभं केलं होतं. आज गुरुवार. येत्या रविवारी सकाळी ती पहिल्यांदा उडणार होती.

आणि इथला नियम असा, की एक जरी हत्यार हरवलेलं असलं तरी विमान जमीन सोडणार नाही. कारण साधं आहे. पायलटने पुढ्यातला दांडा हलवला की तारा ओढल्या जातात आणि त्या तारांनी पंखांवरच्या झडपा हलतात. तारांच्या वाटेत एखादा पाना पडलेला असला आणि तो नेमक्या वेळी अडकला, तर दांडा हलत नाही. मग पुढचं सांगायला पायलट उरत नाही.

रविवारी त्या एकुलत्या एका आसनावर बाईंच्या बहिणीची मुलगी, चिमणी, बसणार होती.

बाईंनी कपाटातून लाल पाटी काढली, चालत गेल्या आणि म्हातारीच्या पंख्याला अडकवली. पाटीवर दोनच शब्द होते: उड्डाण बंद.

२

“एका पान्यासाठी, बाई?” मालक म्हणाले. ते नुकतेच आले होते आणि हेल्मेट अजून हातातच होतं.

“एका पान्यासाठीच.”

“आबांना रविवारी चाकांच्या खुर्चीतून आणायचं ठरलंय. डॉक्टर म्हणतात, पुढच्या महिन्याचं काही बोलू नका.”

आबा म्हणजे मालकांचे वडील. एकविसाव्या वर्षी त्यांनी अशाच एका विमानातून लढाई केली होती. नव्वदी केव्हाच ओलांडली होती त्यांनी. म्हातारीला उडवायचं ते त्यांच्या डोळ्यांसमोर, एवढ्यासाठी मालकांनी नऊ वर्षं घातली होती.

“म्हणूनच लवकर शोधू या,” बाई म्हणाल्या. “कुलूप शाबूत आहे. किल्ल्या पाचजणांकडे. तुम्ही, मी, वस्ताद, पत्रेकाका आणि चिमणी. म्हणजे घरचंच कुणीतरी आहे.”

मालक खुर्चीत बसले. “कुणाला नकोय हे विमान उडायला?”

“ते नंतर. आधी कुठला पाना गेला ते बघा.”

बाईंनी वर बोट दाखवलं. तिथे दोन जागा शेजारी-शेजारी होत्या. या विमानाचे पंख धडाला जिथे जोडलेले आहेत, तिथले बोल्ट इतक्या अडचणीत आहेत की साधा पाना पोचत नाही. म्हणून पत्रेकाकांनी भट्टीत तापवून दोन पाने मुद्दाम वाकवून घेतले होते. एकाची मान डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, म्हणून नाव पडलं बगळे. डाव्या पंखाला डावा बगळा, उजव्याला उजवा. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

“उजवा जागेवर आहे,” बाई म्हणाल्या. “ज्याला चोरीच करायची होती त्याने जोडी नेली असती. नुसतं उड्डाण थांबवायचं असतं तर खालच्या रांगेतला स्क्रू ड्रायव्हर पुरला असता. या माणसाने शिडी आणली, वर चढला आणि नेमका डावा उचलला. एवढी तसदी कुणी उगाच घेत नाही.”

“मग का घेतली?”

“पाना त्याला नकोच होता, असं मला वाटायला लागलंय,” बाई म्हणाल्या. “त्याला दुसरंच काहीतरी हवंय.”

३

‘हे कुणी केलं?’ असं विचारलं की अख्खा वर्ग मुका होतो. ‘हे कसं शोधायचं?’ असं विचारलं की मागच्या बाकावरचाही हात वर येतो. बाईंना हे पाठ होतं. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: तुम्ही शोधायला निघालात तर पहिल्यांदा कुठे बघाल?

वस्ताद इंजिनाखाली उताणे पडले होते. इंजिन त्यांच्या ताब्यात होतं आणि जिभेवर कुणाचाच ताबा नव्हता.

“कुठेही बघा, माझ्या इंजिनाला हात लावायचा नाही,” ते खालूनच म्हणाले. “आधीच तुमची भाची त्याला जमिनीवरच्या चाचणीतही उसासारखं पिळते. परवा सांगितलं, अगं बाई, म्हातारं माणूस आहे, हळू घे. तर म्हणते, वस्ताद, म्हाताऱ्यांना व्यायाम हवा.”

“म्हणून तुम्ही तिच्याशी बोलत नाही?”

“बोलतो की. ‘हूं’ म्हणतो.”

मालकांनी कचऱ्याचे डबे उपसायला सुचवलं, गाड्यांच्या डिक्क्या उघडायला सुचवलं. विमान उघडणं सोडून सगळं सुचवलं. रविवार हातचा जाऊ नये म्हणून त्यांची ती धडपड होती आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

चिमणी कॉकपिटच्या कडेवर पाय सोडून बसली होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं नाव, तीस वर्षांची झाली तरी निघालं नव्हतं.

“माझ्या आसनाखाली बघ मावशी. तिथून सगळ्या तारा जातात. अडकला तर तिथेच अडकेल.”

“भीती वाटते?”

“वाटते. म्हणून तर तिथे पहिल्यांदा बघायचं.”

शेवटी पत्रेकाका. हँगरच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचा ठोकायचा बाक होता. पंचेचाळीस वर्षं ते पत्रा ठोकत होते. म्हातारीच्या अंगावरचं कातडं सगळं त्यांच्या हातचं. कुणाशी फार बोलायचे नाहीत. आज त्यांच्या हातात हातोडी नव्हती. हात मांडीवर ठेवून ते नुसते बसले होते.

“काका, तुम्ही कुठे शोधाल?”

विचार करायलाही ते थांबले नाहीत. “डाव्या पंखात. तिसऱ्या झाकणामागे.”

“तिसऱ्याच?”

“हं. आरसा घाला, विजेरी घाला. घाई करू नका. नीट बघा, बाई. तुमची नजर चांगली आहे.”

बाई आपल्या टेबलाशी परतल्या आणि त्यांनी पंखाचा नकाशा उलगडला. पंखाच्या खालच्या अंगाला आत बघण्यासाठी ओळीने झाकणं होती. डाव्या बगळ्याचं काम पहिल्या झाकणापाशी, अगदी धडाला लागून. तिथून तिसऱ्या झाकणापर्यंत दोन आडव्या भिंती, पत्र्याच्या, सलग. त्यांना भोकं होती ती तारा जाण्यापुरती.

पाना काही पायांनी चालत नाही. पहिल्या झाकणाशी विसरलेला पाना तिसऱ्या झाकणामागे जाऊच शकत नव्हता. आणि ही गोष्ट या हँगरमध्ये कुणाला सर्वांत जास्त ठाऊक असेल, तर त्या दोन्ही भिंती स्वतः बसवणाऱ्या माणसाला.

४

तिसरं झाकण बावीस स्क्रूंचं होतं. बाईंनी ते मोजून वाटीत ठेवले. चिमणी पंखाखाली फळीवर उताणी झाली आणि तिने दांड्यावरचा छोटा आरसा आत सरकवला.

“पाना नाही,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“पान्याला विसर. तिथे काय आहे ते सांग.”

“पंखाची मुख्य तुळई. तिच्यावर काकांनी मारलेली दुरुस्तीची पट्टी. रिव्हेटांच्या दोन ओळी.” मग तिने आरसा पुन्हा एकदा आत फिरवला. “मावशी, तू ये इथे.”

बाई गुडघ्यांची कुरकुर न ऐकता खाली झोपल्या. आरशात रिव्हेटांची चपटी टोकं दिसत होती. रिव्हेट म्हणजे डोकं असलेला खिळाच. भोकातून घालतात आणि दुसऱ्या बाजूचं टोक ठोकून चपटं करतात, म्हणजे दोन पत्रे कायमचे जखडले जातात. ते चपटं टोक गोल आणि गुळगुळीत असायला हवं. इथे त्याच्या काठावर बारीक रेघा होत्या. केसाएवढ्या. एकाला, शेजारच्याला, त्याच्या पलीकडच्याला.

दोघींनी मिळून मोजले. सेहेचाळीसपैकी एकोणीस रिव्हेट तडकलेले होते.

“ही पट्टी सुटली असती तर?” चिमणीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

“जोराचं वळण घेतलं असतंस, आणि पंखाने साथ सोडली असती.”

मालक मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी आरशात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“काकांचं काम हे. त्यांनीच बिघडवलं आणि त्यांनीच लपवलं. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो त्यांना, उद्यापासून येऊ नका.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. वर्गात ज्या आवाजाने चाळीस मुलं जागच्या जागी बसायची, तो आवाज. “पाना त्यांनीच नेला, हे खरं. पण रिव्हेट कुणी बिघडवले ते अजून सापडलेलं नाही.”

५

हत्यारांच्या खोलीबाहेर भिंतीशी एक जुना, बुटका फ्रीझर होता. त्यात पाण्याची बाटलीसुद्धा ठेवायला बंदी होती. त्यात फक्त रिव्हेट असत.

बाईंनी मालकांना आणि चिमणीला फ्रीझरसमोर उभं केलं. “ओल्या मातीचं भांडं घडवता येतं. माती वाळली की तीच वाकवायला गेलं तर तडकते. हे रिव्हेट तसेच. भट्टीत तापवून पाण्यात बुडवले की मऊ होतात, पण थोडाच वेळ. मग आपोआप कडक व्हायला लागतात. थंडीत ठेवले तर ते कडक होणं लांबतं. म्हणून तापवले की लगेच इथे, आणि बाहेर काढले की वीस मिनिटांच्या आत ठोकायचे.”

“ते काकांना माहीत नाही?” मालक म्हणाले.

“त्यांनीच मला शिकवलं.” बाईंनी तुळईच्या पट्टीला वापरलेल्या खेपेचा डबा काढला. त्यात पाच-सहा रिव्हेट उरले होते. “झाकणावरचं हिव बघा. बोटाने उडतंय. आता तळ बघा.”

डब्याच्या तळाशी काचेसारख्या स्वच्छ बर्फाची चकती होती आणि उरलेले रिव्हेट तिच्यात रुतून बसले होते.

“हिव हवेतून येतं, ते भुरभुरीत असतं,” चिमणी हळूच म्हणाली. “असा बर्फ व्हायला आधी पाणी व्हावं लागतं.”

“शाबास. म्हणजे हा डबा मध्ये कधीतरी वितळला होता. केव्हा?”

फ्रीझरच्या दाराला एक वही बांधलेली होती. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला बाई तिच्यात आतलं तापमान लिहीत. उणे वीस, उणे एकोणीस, उणे वीस. बारा दिवस मागे जाऊन त्यांचं बोट थांबलं. सकाळी उणे वीस. संध्याकाळी उणे अकरा. खाली त्यांची स्वतःची सही, सुवाच्य.

दार सारखं उघडलं असेल, असं त्या संध्याकाळी त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनी लिहिलं आणि वही मिटली. विचारलं नाही कुणाला. परीक्षेत एखाद्या मुलाने असं केलं असतं तर त्यांनी शून्य दिलं असतं.

“यातला पहिला गुन्हेगार मी,” त्या म्हणाल्या. “आता दुसरा. वस्ताद, तुमची वही आणा.”

वस्तादांच्या वहीत त्या तारखेला एकच ओळ होती: इंजिन सुरू करायची बॅटरी चार्ज केली, सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार.

“कुठल्या प्लगवर?”

वस्तादांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे एकच प्लग होता, फ्रीझरचा.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “दार बंद आहे, थंडी कुठे पळून जातेय.”

“दाराचं रबर जुनं आहे. थंडी पळाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हेच रिव्हेट ठोकले, कारण त्या सकाळी माझ्या वहीत पुन्हा उणे वीस लिहिलेलं होतं.”

मालक काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी तुळईच्या दुरुस्तीचा कागद त्यांच्यापुढे धरला. इथे प्रत्येक कामावर दोन सह्या लागत. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दुसरी सही मालकांची होती.

“आत आरसा घातला होतात?”

मालकांनी मान खाली घातली. “काकांच्या कामाला आरसा कशाला, असं वाटलं.”

६

पत्रेकाका बाकावरून उठले नव्हते. सगळे येताना दिसले तसा त्यांनी बाकाखालून जुन्या फडक्यांनी भरलेला डबा ओढला आणि डावा बगळा काढून बाईंच्या हातात दिला.

“सकाळी सातला काढला,” ते म्हणाले. “तुमच्या फळीचा मान मोडला. तेवढ्याची माफी मागतो.”

“बाकीचं सांगा,” चिमणी म्हणाली.

“ठोकताना हातोडी उलटी येत होती. रिव्हेट बसताना आवाज जाड यावा लागतो. तो बारीक येत होता. वाटलं, हातातलं बळ गेलं. माझ्या वडिलांचं याच वयात गेलं होतं.” ते हाताकडे बघत बोलत होते. “नंतर आरसा घालून बघितलं. रेघा दिसल्या. मग वाटलं, डोळ्यांपुढे हल्ली असंही काहीबाही तरळतं. हात गेले म्हणावं की डोळे गेले म्हणावं, कळेना. आणि कुठलंही म्हटलं की दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्या कुणीतरी बघावं, एवढंच हवं होतं. तो पंख उघडायला लावायचा दुसरा रस्ता सुचला नाही.”

“आणि मालकांनी हट्टाने उडवलंच असतं तर?” चिमणीचा आवाज चढला नाही, पण त्यात धार होती. “त्यात मी असते, काका.”

“पंख्यापुढे आडवा पडलो असतो.”

“त्यापेक्षा तोंड उघडायला काय झालं होतं?”

कुणी काकांच्या मदतीला आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

मग बाईंनी त्यांच्यासमोर रिव्हेटांचा डबा ठेवला. बर्फाची चकती त्यांना बोटाने चाचपायला लावली. वही दाखवली, तारीख दाखवली, प्लगची गोष्ट सांगितली. काकांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं.

“म्हणजे रिव्हेटच कडक होते,” ते म्हणाले.

“हो. हात खरं सांगत होते. डोळेही खरं सांगत होते. खोटं फक्त माझ्या वहीने सांगितलं, आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवलात.”

काकांनी मुठी मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या.

वस्ताद पुढे झाले. “काका, शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मी शिकवतो, माझ्याकडे भरपूर आहेत.”

“नंतर घेईन,” काका म्हणाले. “आधी ड्रिल आण. सेहेचाळीसही काढायचे आहेत. तडकलेले आणि न तडकलेले, सगळे. आणि यावेळी आरसा तू धरायचास, पोरी. जो बसणार त्याने बघायचं.”

मालकांनी फोन उचलला. आबांना सांगायचं काम त्यांच्याच वाट्याचं होतं. रविवार गेला, पुढची तारीख ठाऊक नाही, हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पलीकडून आलेलं उत्तर खणखणीत होतं, सगळ्यांना ऐकू आलं.

“आमच्या वेळी सकाळी मेकॅनिक ‘नाही’ म्हणाला की आम्ही परत जाऊन झोपायचो. जे नाही झोपले, त्यांना नव्वदी दिसली नाही. डॉक्टरला सांग, मी थांबतोय.”

काम अकरा दिवस चाललं. जुना रिव्हेट काढताना भोक जराही मोठं होऊन चालत नाही, म्हणून एका दिवसात दहाच्या वर काका काढू देत नसत. भिंतीला दुसरा प्लग बसला तो वस्तादांच्या हाताने. बाई आता तापमान लिहिताना आकडा मोठ्याने वाचत, आणि जो जवळ असेल त्याने तो पुन्हा उच्चारायचा. पट्टीच्या कागदावर दुसरी सही करण्याआधी मालक तासभर पंखाखाली झोपून होते.

बाराव्या दिवशी, सकाळी, वारा पडलेला असताना, म्हातारी जमिनीवरून उठली. तिचा आवाज छातीत घुमत होता. चाकांच्या खुर्चीत बसलेले आबा ओठांनी काहीतरी मोजत होते. बाईंच्या लक्षात आलं, ते इंजिनाचे ठोके होते.

ठरल्याप्रमाणे चिमणीने दोन हजार मीटरपर्यंत चढून सगळं तपासलं. मग यादीतलं शेवटचं काम उरलं, पंखांवर भार टाकणारं तिरकं वळण. तिने नाक किंचित उचललं, विमान डाव्या कुशीवर कललं, आणि त्या वर्तुळाच्या मध्यावर दोन्ही पंख मिळून विमानाच्या वजनाच्या तिप्पट ओझं उचलून उभे राहिले. खाली पत्रेकाकांनी डोळे मिटले नाहीत. हनुवटी वर करून ते सगळं वळण शेवटपर्यंत पाहत राहिले.

वर्तुळ पुरं झालं. विमान सरळ झालं.

यादीत वळण एकच लिहिलेलं होतं. चिमणीने त्याच बाजूला आणखी एक घेतलं.